शेवटचा एस कुणाचा?

एका हायस्कूलच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची इंग्रजी पानं तपासायचं काम यंदा माझ्याकडे आलं. स्पेलिंगं एका दिवसात उरकली. वेळ खाल्ला तो अपॉस्ट्रॉफीनं, म्हणजे ‘चा-ची-चे’ दाखवायला अक्षराच्या डोक्याशी देतात त्या स्वल्पविरामासारख्या चिन्हानं, आणि त्यातही शेवटी एस असलेल्या नावांनी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे अशा नावांना तोटा नाही: सुहास, तेजस, उल्हास, श्रीनिवास, आडनावांत व्यास आणि दास, कॅम्पातले फर्नांडिस नि डायस.

सगळ्यात जास्त सापडलेली चूक एकच. तेजसच्या कवितेचा मथळा असा होता: टी-ई-जे-ए, मग अपॉस्ट्रॉफी, मग एस. म्हणजे कविता झाली कुणा तेजाची, आणि तेजस गायब. टाइप करणाऱ्याच्या बोटांना सवयच लागलेली असते, शेवटी एस आला की त्याच्या आधी चिन्ह ठोकायचं. तो एस मुलाच्या नावातलाच आहे, हे ध्यानात येत नाही. आपल्या मराठी कानाचाही यात हात आहे. आपल्याकडे ‘चा’ लावताना मूळ शब्दच वाकतो: मुलगा-मुलाचा, तुळस-तुळशीचा, पाऊस-पावसाचा. इंग्रजीत मालकाच्या अक्षरांना हात लावायचा नाही.

म्हणून मी प्रूफवर आधी मालकाचं पूर्ण नाव वाचतो आणि त्याच्या शेवटच्या अक्षरानंतर पेन्सिलीनं उभी रेघ मारतो. चिन्ह रेघेच्या उजवीकडेच यायला हवं. डावीकडे सरकलं असेल तर चूक, पुढचा नियम बघायचीही गरज नाही.

मग प्रश्न उरतो, उजवीकडे नुसतं चिन्ह की चिन्ह आणि एस? मालक एकटा असेल तर दोन्ही. तेजसची वही मोठ्यानं म्हणून बघा: ‘तेजसेझ नोटबुक’. ‘एझ’ कानाला ऐकू येतो, तोच कागदावर लिहायचा. बॉस, हेडमिस्ट्रेस यांनाही हेच. मालक अनेक असतील आणि अनेकवचनाचा एस आधीच लागलेला असेल, तर नुसतं चिन्ह: टीचर्स, बॉईज, पेरेंट्स. चिल्ड्रन आणि विमेन अनेकवचनी असले तरी एसविना, म्हणून त्यांना पुन्हा दोन्ही. खरी गंमत फर्नांडिसांची. एकटे मिस्टर फर्नांडिस असतील तर चिन्ह आणि एस. देणगी अख्ख्या कुटुंबानं दिली असेल तर आधी आडनावाला ई-एस लावून अनेकवचन करायचं, त्यानंतर नुसतं चिन्ह. ही देणगीदारांची यादी मी तीनदा तपासली, कारण माणसं आपलं नाव आधी बघतात.

रजेच्या अर्जात हा नियम सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. तीन दिवसांची रजा म्हणताना ‘डेज’च्या एसनंतर चिन्ह हवं, कारण रजा त्या तीन दिवसांची. एका दिवसाची असेल तर एसच्या आधी.

वाद घालणारे भेटतातच: ‘आम्हाला शाळेत एसनंतर नुसतं चिन्ह शिकवलंय.’ त्यांचंही चूक नाही. अमेरिकेतली शिकागो ही पुस्तकांसाठीची लेखनशैली विशेषनामाला चिन्ह आणि एस दोन्ही लावते, तर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची वृत्तपत्री शैली एसनं संपणाऱ्या विशेषनामाला नुसतं चिन्ह लावते. २००६ साली कॅन्सस राज्याच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीच दोन तऱ्हांनी लिहून गेले. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या थॉमस यांनी कॅन्ससपुढे नुसतं चिन्ह दिलं, विरोधी मत लिहिणाऱ्या सूटर यांनी एसही जोडला. मी शिकागोची, चिन्ह आणि एस दोन्ही लावायची तऱ्हा धरतो, कारण ती उच्चाराप्रमाणे जाते. कुठलीही धरा, पण पहिल्या पानावर उल्हासला एक न्याय आणि चाळिसाव्या पानावर सुहासला दुसरा, असं नको.

संस्थेच्या नावात मात्र आपली शैली घुसवायची नाही. लंडनमधल्या सेंट जेम्स बागेच्या नावात चिन्हानंतर एस आहे, न्यूकॅसलच्या त्याच नावाच्या फुटबॉल मैदानाला तो नाही, आणि दोन्ही बरोबर. आपल्या सेंट पॉल्स हायस्कूलच्या नावातला एस तर मुळातच मालकीचा आहे. ‘सेंट पॉल्सचा निकाल’ लिहिताना त्यावर दुसरं चिन्ह चढवायचं नाही.

जाता जाता एक सीमाभागाची खासियत. एकाच यादीत दोन श्रीनिवास होते. मराठी वळणाच्या स्पेलिंगमध्ये नाव एसवर संपतं, कानडी वळणाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ए येतो. दुसऱ्याला चिन्ह आणि एस लावला की काम झालं, तिथे वादच नाही. पण दोन्ही नावं सारखी करायच्या भरात पहिल्याला ए चिकटवू नका. दाखल्यावरचं स्पेलिंग तेच खरं.

आता टायपिंग. मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल आणि इंग्रजी शब्दाचा फॉन्ट बदलायचा राहिला, तर अपॉस्ट्रॉफीच्या जागी अर्धा श उमटतो. की-बोर्डवर एस्केपच्या खालचं तिरकं चिन्ह अपॉस्ट्रॉफी नव्हे, पण प्रूफात ते हमखास सापडतं. विंडोजवर वळणदार चिन्हासाठी ऑल्ट दाबून उजवीकडच्या अंकांवर ०१४६ टाइप करा. वर्डमध्ये चिन्हाआधी जागा सुटली असेल तर ते उलटं वळतं. माजी विद्यार्थ्यांच्या बॅचचं वर्ष दोनच आकड्यांत लिहिताना हे दर ओळीला होतं. तिथे चिन्ह दोनदा टाइप करून पहिलं पुसायचं. शेवटी फाइंडमध्ये चिन्ह टाकून एकेक जागा बघायची. ‘सगळे बदला’ हे बटण दाबायचं नाही, त्यानं इट्ससारखे शब्द बिघडतात.

समारंभाच्या फ्लेक्ससाठी नावं कागदावर लिहून देऊ नका. दुकानात ती पुन्हा टाइप होतात आणि चिन्ह परत एसच्या अलीकडे सरकतं. पीडीएफ द्या, आणि छापण्याआधी मोबाइलवर आलेला नमुना मोठा करून बघा.