धापेवाड्याच्या वाटेवर

पहाटे साडेपाचला काटोल नाक्यावर दिंडी उभी होती. शेजारच्या काकूंनी माझी ओळख करून दिली, "ह्या आमच्या सिस्टर. दवाखान्यातल्या." वीणेकऱ्याची नजर माझ्या गळ्यातल्या क्रूसावर गेली. तो पदराआड घ्यावा का, हा विचार मी घरून निघताना केला होता, आणि तसाच बाहेर ठेवला होता. त्यांनी विचारलं, "ख्रिश्चन का?" मी म्हटलं, "हो." "मंग चाला," म्हणाले, आणि टाळ वाजायला लागले.

नागपूरहून धापेवाडा 35-40 किलोमीटर. फेटरी, मग कळमेश्वरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी चंद्रभागेचा काठ. तिथल्या नदीचं नावही चंद्रभागाच. पंढरपूरची आषाढी आटोपून विठोबा धापेवाड्याला येतो, अशी इकडच्या लोकांची श्रद्धा आहे. मी टाळ धरला नाही. जे माझ्या प्रार्थनेत नाही ते नुसतं ओठांवर आणणं मला त्यांच्या भक्तीचाही अपमान वाटला असता. मी पदराखाली रोझरीचे मणी ओढत चालत होते आणि कोणालाही ते खुपलं नाही.

माझे वडील कवी ना. वा. टिळकांची गोष्ट फार प्रेमाने सांगायचे. टिळक काही काळ आमच्याच नागपुरात अप्पासाहेब बुटींकडे कामाला होते. पुढे 1893 साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला सुचवला आणि 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. वडील म्हणायचे, "पूल ओलांडला म्हणून तो मोडायचा नसतो." वारीत चालताना मी त्याच पुलावर आहे असं मला वाटत होतं.

खरं तर मी गेले होते पाय धुवायला.

त्याचं कारण सांगायला हवं. आमच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, फादर बारा जणांचे पाय धुतात. योहानाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायात येशू जेवणावरून उठतो, अंगावरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. धुळीच्या वाटा तुडवत आलेल्या पाहुण्यांचे पाय धुणं हे त्या काळी घरातल्या सगळ्यात खालच्या नोकराचं काम. आणि त्या पायांत यहूदाचेही पाय होते. तो धरून देणार आहे हे येशूला ठाऊक होतं, तरी त्याला वगळलं नाही. 2016 पासून रोमच्या परवानगीने त्या बारांत बायकाही बसू शकतात. एका वर्षी मलाही बोलावलं. आदल्या रात्री मी टाचा वजरीने घासल्या, नखं कापली. फादरांच्या हातात दिले ते आधीच धुतलेले पाय. वेदीसमोर बसले तेव्हाच ते मनाला लागलं. 31 वर्षं नर्स होते, पण तिथेही मळके पाय मी बहुतेक वेळा आयाबाईंकडे सोपवले होते.

म्हणून कळमेश्वरला दिंडी टेकली तेव्हा मी पोतं अंथरून खाली बसले. बादली, मग, साबण, पंचा, गॉझ, चिकटपट्टी. पाणी कोमट ठेवलं आणि ते कोपराने तपासलं, कारण शुगरवाल्यांच्या पायांना चटका कळत नाही. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्यांचे पाय धुऊन अगदी कोरडे करायचे. फोड फोडायचा नाही, वर सैल पट्टी बांधायची. भेगा, कुरूपं, काळी पडलेली नखं. शेतात उभं राहून राहून पसरट झालेले तळवे. माणूस तोंडाने सांगत नाही ते पाय सांगतात.

एका म्हाताऱ्या बाबांनी पाय मागे ओढला. "नाही बाई, मले पाप लागते." येशूचा शिष्य पेत्रही त्याला असंच म्हणाला होता, माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीस. मी त्यांना बायबल सांगितलं नाही. म्हटलं, "बाबा, मी नर्स आहे. हे माझं कामच आहे." काम म्हटल्यावर त्यांनी पाय पुढे केला. धुतल्यावर दिसलं, तळव्यात बाभळीचा काटा खोल रुतलेला, भोवती लाल. कधी टोचला ते त्यांना माहीत नव्हतं. म्हणाले, "दुखत नाही, म्हणजे बराच असन." दुखत नाही तीच काळजीची गोष्ट होती. तो पाय दवाखान्यात दाखवायलाच हवा होता, पण वारी मोडते म्हणून बाबा ऐकेनात. शेवटी एका पोराने त्यांची पताका आपल्या खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "पताका चालली म्हंजे तुमी चालले." तेव्हा ते गाडीत बसले.

रात्री वरण-भात, आलू-वांग्याची भाजी झाली आणि माझ्याच पोटरीत गोळा आला. भांडी घासून आलेली एक पोरगी, शेतात मजुरीला जाणारी, न विचारता समोर बसली. तिने माझा पाय मांडीवर घेतला आणि खोबरेल तेल चोळायला लागली. मी झटकन पाय ओढला. "राहू दे गं, मी करते."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आमचे धुतले तवा आमी नाई म्हनलं का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. दिवसभर मी खाली बसले होते खरी, पण देणारी मीच होते. घेणारी व्हायची वेळ आली आणि मला संकोच झाला, कारण घेताना खरंच लहान व्हावं लागतं. पेत्राला येशू म्हणाला, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. कळमेश्वरच्या त्या मांडवात, तेलाच्या वासात, ते मला उद्देशून होतं. मी पाय पुढे केला. तिचे हात खरखरीत आणि ऊबदार होते. गोळा उतरला तरी ती बराच वेळ चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी धापेवाड्याला देवळासमोर सगळे रांगेत गेले आणि चपला सांभाळायला मी बाहेर थांबले. जोड्या लावताना तिची चप्पल हाताला लागली. अंगठा तुटलेला, पिन अडकवून चालवलेला. पिशवीत सुई-दोरा होता. ती दर्शन घेऊन येईपर्यंत मी तो शिवून ठेवला.