आदिमानवाच्या कलेवर काम करायचंय? आधी माती शिका

शैलचित्रांच्या ओढीने पुरातत्त्वाकडे येणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. ओढ हवीच, त्याशिवाय या कामात टिकाव लागत नाही. पण सुरुवातीची वर्षं चित्रांपेक्षा माती, कोळसा आणि चुन्याचे पापुद्रे यांत जायला हवीत, असं माझं ठाम मत आहे. कारण या विषयातले मोठे वाद बहुधा काळावर येऊनच अडतात. स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेच्या छतावरची चित्रं १८७९ मध्ये उजेडात आली. तिथे शोध घेणारे मार्सेलिनो सान्स दे साउतुओला ती अश्मयुगीन असल्याचं सांगत राहिले, पण जाणकारांनी त्यांना उडवून लावलं. विरोधकांपैकी फ्रेंच पुरातत्त्वज्ञ एमील कार्तेयाक यांनी १९०२ मध्ये जाहीरपणे चूक कबूल केली, तोवर साउतुओला हयात नव्हते. मत बदललं ते चित्रं सुंदर होती म्हणून नव्हे. फ्रान्समध्ये पेर-नों-पेरसारख्या गुहांत कोरीवकाम अश्मयुगीन थरांखाली गाडलेलं मिळालं, तेव्हा वाद मिटत गेला.

आज काळ काढायला प्रयोगशाळा आहेत, तरी मुख्य प्रश्न तोच राहतो: हा आकडा नेमका कशाचा?

कार्बन-१४ घ्या. सजीवांत असणारा हा किरणोत्सर्गी कार्बन, जीव मेल्यावर घटत जातो. अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा काळ) ५,७३० वर्षं, म्हणजे साधारण ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही. शिवाय रंगात कार्बन हवा. गेरू म्हणजे लोहाचा ऑक्साइड, तिथे ही पद्धत लागूच पडत नाही. फ्रान्समधल्या लास्को गुहेतला काळा रंग मुख्यतः मँगनीजचा, म्हणून तोही थेट मोजता येत नाही. फ्रान्समध्येच १९९४ मध्ये सापडलेल्या शोवे गुहेत चित्रं कोळशाने काढलेली होती, म्हणून तिथे रंगाचाच नमुना घेता आला. जुन्या चित्रांचं वय ३६,००० वर्षांच्या आसपास निघालं. नमुना मिलिग्रॅमभर किंवा त्याहूनही कमी असतो. तो आधी आम्लात, मग अल्कलीत, मग पुन्हा आम्लात धुतात. पहिल्या आम्लाने चुनखडी जाते, अल्कलीने मातीतून मुरलेली ह्युमिक द्रव्यं निघतात आणि अल्कलीने हवेतला जो कार्बन डायऑक्साइड शोषलेला असतो तो शेवटच्या आम्लाने जातो. गोची अशी, की नमुना फार लहान असेल तर अल्कलीत तोच विरघळून जाऊ शकतो. मग धुणं आवरतं घ्यावं लागतं आणि मळ राहतो. ज्याचा सगळा कार्बन-१४ संपलाय अशा नमुन्यात आजचा फक्त १ टक्का कार्बन शिरला, तरी वय सुमारे ३७,००० वर्षं दिसतं. म्हणजे खूप जुनी वस्तू नेमकी त्या काळातली वाटते, जिथे आपण कला शोधत असतो. आणि सगळं बिनचूक झालं, तरी मिळतं ते लाकूड कधी मेलं याचं वय. गुहेत पडलेला जुना कोळसा उचलून कुणी हजारो वर्षांनी रेघ ओढली असेल, तर आकड्यावरून ते कळत नाही.

गेरूच्या चित्रांसाठी युरेनियम-थोरियम पद्धत. पाण्यात युरेनियम विरघळतं, थोरियम जवळजवळ नाही. त्यामुळे चित्रावर नवा कॅल्साइटचा (चुनखडीच्या खनिजाचा) पापुद्रा साचतो तेव्हा त्यात युरेनियम असतं, थोरियम नसतं. पुढे युरेनियमच्या क्षयातून जितकं थोरियम तयार होतं त्यावरून वय निघतं. हे वय पापुद्र्याचं. चित्र त्याच्या खाली असेल तर ते किमान तेवढं जुनं, इतकंच म्हणायचं. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या लेआंग कराम्पुआंग गुहेतल्या चित्राचं ५१,२०० वर्षं हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेलं वय असंच किमान वय आहे. बातम्यांत ‘किमान’ हा शब्द हमखास गळतो.

नमुना घेताना पापुद्रा स्काल्पेलने थराथराने खरवडतात, रंग दिसू लागला की थांबतात. काही मिलिग्रॅमपासून शंभरेक मिलिग्रॅमपर्यंत पूड लागते. बाहेरून आत जाताना वय वाढत गेलं पाहिजे. क्रम उलटा आला तर तो नमुना मोडीत काढायचा, मग आकडा कितीही मोहात पाडणारा असो. बिघाड दोन प्रकारचे. धूळ-चिकणमातीतून आयतं थोरियम येतं, किंवा ओलाव्याने युरेनियम धुपून जातं. दोन्हींत वय खोटं वाढतं. स्पेनमधल्या तीन गुहांतली चित्रं ६४,००० वर्षांहून जुनी, म्हणून निअँडरथल या आपल्याहून वेगळ्या मानवांची, असा दावा २०१८ मध्ये झाला. त्यावरचा वाद याच मुद्द्यांवर चालू आहे: पापुद्रा खरंच रंगावर होता का, आणि युरेनियम टिकलं होतं का.

कोरलेल्या खुणांसाठी सूक्ष्मदर्शक. दगडी हत्याराची खाच बहुधा इंग्रजी व्ही अक्षरासारखी, तळाशी बारीक समांतर ओरखडे. मांसाहारी प्राण्याच्या दाताची खूण रुंद आणि गुळगुळीत. मुळांच्या आम्लाने झालेली नक्षी नागमोडी. उत्खननात ट्रॉवेल (खोदायची थापी) लागला तर रेघ ताजी, आजूबाजूपेक्षा फिकट दिसते. गेरूचंही तसंच. पिवळी माती २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तापली की लाल होते, त्यामुळे चुलीखालचा लाल खडा मुद्दाम भाजलेला असेलच असं नाही. त्याच्यावर घासल्याची सपाट, ओरखडे असलेली बाजू आहे का ते आधी पाहा.

नोंदणी करताना चित्राला हात लावायचा नाही, पाणी मारायचं नाही, खाचांत खडू भरायचा नाही. पूर्वी हे सर्रास व्हायचं, आणि त्यामुळे कित्येक भिंतींवर आज नमुना घेण्यात अर्थ उरलेला नाही. कोरीवकामावर प्रकाश अगदी तिरपा, १०-१५ अंशांतून, आणि एकेक करून चारही बाजूंनी. त्रिमितीय मॉडेलसाठी लागोपाठच्या फोटोंत ६० ते ८० टक्के भाग सामाईक हवा. प्रत्येक चौकटीत मोजपट्टी आणि रंगपट्टी. पुसट रंगासाठी डीस्ट्रेच हे फोटोतला रंगफरक वाढवणारं सॉफ्टवेअर उत्तम, पण त्यात गंजाचा डागही चित्रासारखा उठून दिसतो, म्हणून मूळ फोटो शेजारी ठेवूनच निष्कर्ष काढावा.

शिक्षणाचं म्हणाल तर पदवी पुरातत्त्व, भूविज्ञान किंवा मानवशास्त्र, कशातलीही चालते. पीएचडीशिवाय स्वतःच्या जबाबदारीवर उत्खनन मिळणं कठीण, आणि त्यानंतरही बरीच वर्षं मुदतीच्या कंत्राटांवर निघतात, हे आधीच धरून चाला. वर्षातले काही आठवडे मैदानात, बाकी काळ चाळणीतून निघालेल्या तुकड्यांची वर्गवारी, आकडेमोड आणि निधीसाठीचे अर्ज. म्हणून कलेच्या जोडीला एक कसब असं घ्या की ज्यासाठी दुसऱ्या चमूंनी तुम्हाला बोलवावं: गाळाचं विश्लेषण, हाडांवरच्या खुणा, रामन वर्णपटमापन (लेझरच्या प्रकाशाने रंगद्रव्य ओळखणं), काहीही.

पहिला प्रकल्प शोधणाऱ्यांना मी संग्रहालयाचे जुने खण सुचवेन. जावातल्या त्रिनिलचे शिंपले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोळा झाले आणि पडून राहिले. त्यातल्या एकावरची कोरलेली झिगझॅग रेघ फोटो पाहताना लक्षात आली, आणि २०१४ मध्ये ती सुमारे ५ लाख वर्षांपूर्वीच्या होमो इरेक्टस या आदिमानवाची असल्याचं प्रसिद्ध झालं. यासाठी नवं उत्खनन लागलं नाही. परवानगीचं पत्र, तिरपा दिवा, बरा सूक्ष्मदर्शक आणि प्रत्येक तुकड्याचा थर-क्रमांक जपणारी नोंदवही, एवढ्यावर सुरुवात करता येते.