गोऱ्ह्याचा वळू होईपर्यंत

पोळ्याच्या आदल्या दिवशी आबांनी विषय काढला, "याला चिमटा लावून खच्ची करून टाकू. बैल तरी होईल." आमचा गीर गोऱ्हा दीड वर्षाचा झालेला. गावासाठी वळू म्हणून ठेवला होता, पण माजावरच्या गाईकडे ढुंकूनही बघत नव्हता. शेजारचे तात्या त्याला न्याहाळून म्हणाले, "हाऊ आजून पोऱ्याच शे." एकाने टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे नर-संप्रेरकाचं, इंजेक्शन सुचवलं.

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी गोऱ्हा खोड्यात घेतला, मागून दोन्ही अंड खाली ओढून धरले आणि सगळ्यात जाड भागाभोवती टेप फिरवला. 22 सेंटिमीटर. "वयात येताना हे माप 28 च्या आसपास जातं, भाऊ." इंजेक्शनचं विचारलं तर चिडलेच. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी अंडांना कामाला लावणारी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं सोडणं कमी करते, अंड उलट आकसतात.

मग विचारलं, "लहानपणी दूध किती पाजलं?" मी गप्प. तीन सड आम्ही पिळायचो, चौथ्यातलं उरेल ते त्याचं. डॉक्टर म्हणाले, घोळ तिथेच. वासरू अडीच-तीन महिन्यांचं झालं की पिट्युटरीला हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या जीएनआरएच संप्रेरकाचे ठोके वाढतात, एलएच चढतो आणि वासरू पाचेक महिन्यांचं होईतो उतरतो. हे आकडे विदेशी जातींचे. आपली गाय-गुरं वयातच उशिरा येतात. पण त्या दिवसांत पोट रिकामं राहिलं तर ही चढ दबते. शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशी किती, हे वयात येण्याआधीच ठरून जातं. आम्ही गोऱ्ह्याला खुराक लावतो तो मानेवर जू आल्यावर!

वर सरकीची ढेपही बंद करायला सांगितली. तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य वळूच्या वीर्याला बाधतं म्हणे. कापसाच्या खान्देशात सरकी बंद! आबांना हे सर्वांत जड गेलं. मग भुईमुगाची ढेप, मक्याचा भरडा, क्षारमिश्रण, जंताचं औषध. शुक्राणू तयार व्हायला 61 दिवस लागतात, म्हणून टेप दर दोन महिन्यांनी. 24, 26, आणि भर उन्हाळ्यात पुन्हा 26.

पुढच्या पोळ्याला 28 भरलं. वीर्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. एका वेळच्या वीर्यात 5 कोटी शुक्राणू आणि त्यांतले निदान 10 टक्के पुढे पळणारे, की गोऱ्हा वयात आला असं धरतात. आमचा पास झाला. आबांनी नळीत डोळा लावला, बराच वेळ काढलाच नाही.

हा वळू जिच्या पोटी झाला, त्याच गाईला आता दुसरा गोऱ्हा झालाय. दोन सड त्याचे, असं आबांनीच ठरवलं. डेअरीचा हिशोब कमी आला तेव्हा आई कुरकुरली.