खमंग, पन्नासपैकी

एडिंबरात आले त्या पहिल्याच आठवड्यात वाटलं, शेजारी कुणीतरी नाचणीचं सत्त्व करतंय. खिडकी उघडली की वास यायचा तो मोड आणून, वाळवून भाजलेल्या धान्याचा. किंचित ओलसर, किंचित गोडूस. माझ्या आजीच्या माजघरात उन्हाळ्यात असाच यायचा. चौकशी केली तेव्हा कळलं की गॉर्गी भागात नॉर्थ ब्रिटिश ही व्हिस्कीची डिस्टिलरी आहे, 1885 सालची, आणि वारा तिकडचा असला की हा वास शहरभर पसरतो. त्याच अंगाला 1869 पासूनची कॅलेडोनियन ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखानाही होता. तो 2022 मध्ये बंद झाला. सत्त्व कुणी करत नव्हतं, पण माझं नाक अगदीच चुकलं नव्हतं. जवाला मोड आणून तो वाळवला की माल्ट होतो. आजी नाचणीला करायची तेच. फक्त तिचं पुढचं पाऊल दुधाकडे पडायचं, यांचं पिंपाकडे.

शेजारचे गृहस्थ घरी बिअर बनवतात. एकदा त्यांनी पेला पुढे केला, मी हुंगलं आणि म्हटलं, "याला उसाच्या काकवीचा वास येतोय." मग काकवी म्हणजे काय हे सांगण्यात अर्धा तास गेला. "तुझं नाक कामाचं आहे," म्हणून त्यांनी मला घरगुती बिअरच्या एका स्पर्धेत शिकाऊ परीक्षक म्हणून नेऊन बसवलं. आमच्या टेबलावर आला 'वी हेवी' नावाचा स्कॉटिश बिअरचा प्रकार. वी म्हणजे चिमुकला. ही चिमुकली साडेसहा ते दहा टक्के अल्कोहोलची असते. आपल्याकडे "एक छोटंसं काम होतं" म्हणत कुणी दारात उभं राहिलं की दुपार गेलीच समजायची, त्यातलाच हा 'वी'. प्रेस्टनपॅन्सच्या फाउलर कंपनीची या नावाची एल (एल हा बिअरचाच एक प्रकार) इवल्याशा बाटलीतून मिळायची, तेव्हा चिमुकली होती ती बाटली.

गुणपत्रिका पन्नास गुणांची. वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या जडपणाला 5 आणि एकूण आनंदाला 10. रूपाला तीनच! स्थळं बघणाऱ्यांनी हा तक्ता दिवाणखान्यात लावायला हरकत नाही. बाटलीवर नाव नसतं, नुसता आकडा. दोघादोघांनी बसायचं, आपापलं लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. वाइनवाले थुंकतात, इथे गिळतात. त्यामुळे सहाव्या बाटलीपर्यंत परीक्षकाचं अक्षर परीक्षार्थ्यासारखं होतं.

पहिली बाटली फ्रिजमधून थेट आली होती, वास म्हणून नाहीच. गारठ्यात ही एल मुकी होते. पेला तळव्यांत धरून बसले. पाचेक मिनिटांनी ती हळूहळू बोलायला लागली. आधी पावाची कड, मग खजूर, मग मनुका, आणि तळाशी काकवी. उजेडात धरली तर रंगही काकवीचाच, कडेला तांबूस झाक. घोट जड आणि गोड, पण चिकट नाही. गिळल्यावर छातीत सुंठीच्या काढ्याची असते तेवढी ऊब. तेवढीच असावी लागते, घसा पोळला की गुण कापायचे.

दुसरीत धूर होता. बनवणाऱ्याने हिशेब केला असणार, स्कॉटलंड म्हणजे व्हिस्की, आणि व्हिस्की म्हणजे पीटचा, तिथल्या दलदलीतल्या जळाऊ मातीचा, धूर. पण आयले बेटावरच्या व्हिस्कीतला तो धूर या एलला चालत नाही, नियमातच तसं लिहिलंय. मला तर चुलीवर धुरकटलेलं दूध आठवलं. ते आमच्याकडे मांजरीच्या वाट्याला जायचं.

अशीच एक समजूत कडूपणाबद्दल. बिअरला कडूपणा देणारी हॉप्सची फुलं स्कॉटलंडात पिकत नाहीत म्हणून इथली बिअर गोड, असं कुणीही सांगतं. पण ब्रुअऱ्यांच्या जुन्या वह्या चाळणारे सांगतात की इथे हॉप्स भरपूर आणवले जायचे. आणि एकोणिसाव्या शतकात एडिंबरातल्या यंगरसारख्या कंपन्यांची इंडिया पेल एल थेट हिंदुस्थानात उतरायची, ती चांगली कडू. कडू तेवढं आमच्याकडे पाठवलंत आणि गोड घरी ठेवलंत, असं मी शेजाऱ्यांना सुनावलं. ते नुसते हसले. खरं तर ही गोड स्कॉच एलही जहाजांतून परदेशी जायचीच, पण भांडणात हे कबूल कशाला करा.

नमुना म्हणून काय प्यावं, असं विचारलं तर त्यांनी ट्रॅक्वेअरला पिटाळलं. एडिंबराच्या दक्षिणेला, इनरलीदनजवळ ही जुनी गढी आहे. तिथल्या तेव्हाच्या मालकांना, पीटर मॅक्सवेल स्टुअर्ट यांना, वाड्याच्या एका भागात अडगळीखाली अठराव्या शतकातली ब्रुअरी जशीच्या तशी सापडली. 1965 पासून त्यांनी ती पुन्हा सुरू केली. एल अजूनही ओकच्या लाकडी पिंपांत आंबते. समोरचं अस्वलांचं दार मात्र 1745 पासून बंद आहे. स्टुअर्ट घराण्याचा राजा गादीवर येईपर्यंत उघडायचं नाही म्हणे. आम्ही मुकाट बाजूच्या रस्त्याने आत गेलो. तिथली जेकोबाइट एल आठ टक्क्यांची. पहिल्या घोटालाच मी म्हटलं, "धणे!" लेबल नंतर पाहिलं. खरंच धणे घालतात. माझ्या परीक्षकगिरीतला एवढा एकच निर्विवाद विजय.

पण माझी खरी अडचण शब्दांची होती. माझा जोडीदार गुणपत्रिकेवर सारखं 'माल्टी' लिहायचा. गोड म्हणावं तर ते निव्वळ गोड नाही. भाजकं म्हणावं तर भाजका कोळसाही असतो. चौथ्या बाटलीला मात्र नाक पेल्यात घातलं आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यातलं घर समोर आलं. कढईत बेसन, मंद आच, तूप नुकतं सुटू लागलेलं, आणि आई ओरडतेय, "ढवळत राहा गं, थांबू नकोस!" आणखी दोन मिनिटं गेली असती तर करपट झालं असतं. ज्याने कुणी ही बनवली, तो बरोबर त्या दोन मिनिटांआधी थांबला होता. मी न थांबता रोमन लिपीत लिहून टाकलं, खमंग. गुण 41. जोडीदाराचे 39. त्याने माझ्या कागदाकडे पाहिलं, शब्द दोनदा वाचून बघितला आणि काही न विचारता सही केली.

रात्री आईचा फोन. "काय गं, सुट्टीचं काय केलंस?"

"परीक्षक होते एका स्पर्धेत."

"कसली स्पर्धा?"

"...पदार्थांची."

"मग खमंग काही होतं का?"

"एक होतं."

परवा संयोजकांची ईमेल आली. चौथ्या बाटलीवाल्याला गुणपत्रिका मिळाली आहे, शेऱ्यातला एक शब्द त्याला शब्दकोशात सापडत नाही, त्याचा अर्थ कळवाल का? दोनदा उत्तर लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा खोडलं. काल दुकानातून पाव किलो बेसन आणलंय. पत्ता मागवून पाठवून देते. सोबत चिठ्ठी, मंद आचेवर, आणि ढवळत राहा.