आमची वाटचाल : पल्स मोजता मोजता

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या भाड्याच्या गाळ्यात आम्ही फौंड्री आणि मशीन शॉपची कंट्रोल पॅनेल दुरुस्त करत होतो. पॉवर प्रेसवरचे ठोके मोजणारे यांत्रिक काउंटर सारखे दुरुस्तीला यायचे, हादऱ्यानं दाते झिजलेले. त्यातूनच इलेक्ट्रॉनिक काउंटर बनवायला घेतले.

मूळ तत्त्व सोपं आहे. फ्लिप-फ्लॉप (एक छोटं सर्किट) दोन पल्स, म्हणजे विजेचे ठोके, आत घेतो आणि एक पुढं सोडतो, म्हणजे फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती पल्स) निम्मी. चार जोडले की १६ नं भाग. घड्याळाच्या ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलला १५ वेळा निम्मं केलं की बरोबर सेकंदाला एक पल्स मिळतो. आमचे टायमर क्रिस्टलवरच चालतात. वीजपुरवठ्याच्या लाइनच्या ५० हर्ट्झवरून वेळ काढणं स्वस्त पडतं, पण ती फ्रिक्वेन्सी खालीवर होते.

खरा कस लागला तो इचलकरंजीत. तिथं यंत्रमाग कामगाराची मजुरी ‘पीक’वर (इंग्रजी pick, म्हणजे आडवा धागा एकदा टाकणं) ठरते. क्रँकशाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पीक. आकडा चुकला की कुणाच्या तरी पैशाला कात्री लागते. साधा स्विच लावला तर त्याचा कॉन्टॅक्ट बंद होताना काही मिलिसेकंद थरथरतो आणि एकाचे तीन-चार पल्स होतात. म्हणून आम्ही स्पर्श न करता फेरा ओळखणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर घेतला, पुढं पल्स स्वच्छ करणारं श्मिट ट्रिगर सर्किट ठेवलं. लाइट गेली तरी आकडा जपणारी मेमरी दिली. मालक आणि कामगार दोघांनी एकाच आकड्यावर विश्वास ठेवावा, एवढ्यासाठी हा खर्च केला आणि तो योग्यच होता.

प्रीसेट काउंटरसाठी (ठरवलेला आकडा आला की मशीन थांबवणारा) आम्ही रिपल पद्धत वापरली नाही. तिथं एक फ्लिप-फ्लॉप दुसऱ्याला ढकलतो, त्यामुळं ७ वरून ८ वर जाताना आकडा क्षणभर ६, ४, ० असा फिरतो. तेवढ्यात ४ वर लावलेलं गेट (तो आकडा ओळखणारं सर्किट) चाळवलं तर मशीन मध्येच थांबायचं. सिंक्रोनस काउंटरमध्ये सगळ्यांना एकाच क्लॉकचा पल्स मिळतो, सगळे बरोबरच बदलतात.

आता गोकुळ शिरगावला स्वतःचा गाळा आहे आणि बहुतेक काम मायक्रोकंट्रोलर करतो. तरी आयटीआयची नवी पोरं आली की आधी ब्रेडबोर्डवर (जोडणी करून बघायच्या पाटीवर) ७४९० हा आयसी लावून दशक काउंटर (दहापर्यंत मोजणारा) करायला सांगतो. क्लॉक हातानं देऊन एलईडी बघितल्याशिवाय त्यांना मागावर पाठवत नाही. जुने आयसीवाले काउंटर अजूनही दुरुस्तीला घेतो. त्यांचे सुटे भाग आम्ही राखून ठेवले आहेत.