एकादशीची कणिक

वद्य एकादशी, रात्री साडेदहा

एकादशीला घरात कणिक मळताना बघून हिने डोळे वटारले. भगर झाली होती, शेंगदाण्याची आमटी झाली होती, मग ही कुणासाठी? पखवाजासाठी, म्हटलं. "तुम्ही कुठं वाजवता आता?" ती सहज बोलून गेली.

तेच तर दुखणं आहे. दोन वर्षं झाली, उजव्या हाताची दोन बोटं आखडलीत. मधे पाच महिने पखवाज देवळात गवसणीत पडून होता, नुसत्या टाळांवर हरिपाठ चालायचा. आषाढीला पांडुरंगापुढे मीच म्हणालो होतो, कुणीतरी वाजवणारा दे बाबा. दिला. भावकीतलाच पोरगा, अकरावीत आहे, हात गोड.

गेल्या गुरुवारी हा तिसऱ्याच अभंगाला धुमाळीचा ठेका सोडून काहीतरी भलतं वाजवायला लागला. चाल घसरली. मी टाळ थांबवून सगळ्यांदेखत बोललो. थोडं नाही, पार त्याच्या बापापर्यंत गेलो. चाल काय, पुढच्या चरणाला सावरली असती. खरं म्हणजे त्याची बोटं पळत होती आणि माझी पळत नव्हती. हे त्या रात्री कळलं नाही, शनिवारी कळलं.

सत्तावीस अभंग संपले, रिवाजाप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडले. मीही त्याच्या पायाला हात लावला, "माऊली" म्हणालो. तोंडाकडे बघितलं नाही. वाकायची सवय कमरेला लागलीय, मला नाही.

तेव्हापासून रोज देवापुढे कान धरतोय. पण विठोबापुढे कान धरायला काय लागतं? तो उलटून बोलत नाही, मान फिरवून निघूनही जात नाही.

गोरोबाकाकांची गोष्ट कीर्तनात किती वेळा ऐकली असेल. मुक्ताईच्या सांगण्यावरून काका मडकी ठोकायचं थापटणं घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारत जातात, नामदेवराय तेवढे चिडतात आणि कच्चं मडकं ठरतात. आम्ही दरवेळी हसतो. एवढ्या वर्षांत मी स्वतःला कायम थापटणं धरणाऱ्याच्या जागी बसवत आलो. नामदेवराय रुसले, पंढरीला जाऊन गाऱ्हाणं केलं, पण मग औंढ्याला विसोबा खेचरांपुढे शिष्य होऊन बसले. त्याच मडक्याची ६१ पदं पुढे गुरुग्रंथसाहिबात गेली, आणि महाद्वाराशी पायरी होऊन राहिले ते वेगळंच. आमच्याकडून गल्लीच्या टोकापर्यंत जाणं होईना.

आज गेलो. म्हणजे देवळातच, हरिपाठाच्या अर्धा तास आधी. तो एकटाच पखवाजाच्या वाद्या ओढत बसला होता. "परवा लई बोललो रे. माझं चुकलं," एवढंच जमलं. पाठ केलेलं बाकीचं विसरलो. तो म्हणाला, "असू द्या काका," आणि खाली बघत राहिला. असू द्या म्हणजे माफ केलं की विषय टाळला, काही कळलं नाही. विचारलं नाही. त्यानं हातात पखवाज धरलाय, गवसणी रिकामी आहे, पांडुरंगा, एवढं पुष्कळ आहे.

मग डबा पुढे केला. त्यानं गोळा बोटानं दाबून बघितला, धुमाच्या, म्हणजे डाव्या बाजूच्या पानावर थोडा लावला, थाप मारली, तोंड वाकडं केलं.

"काका, सैल मळलीय. पीठ आणा थोडं."

बरं म्हटलं आणि चपला घातल्या.