आधी प्रथमावृत्तीचं साल बघा

काल रात्री जेवणं उरकल्यावर चौथ्या मजल्यावरच्या वहिनी पिशवी घेऊन आल्या. दहावीचा पूर्ण संच होता. "हे म्हणत होते, रद्दीत घालून टाक. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं." मी विचार करायला वेळच घेतला नाही, पिशवी हातातून घेतली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर अडीच किलो भरली. आमच्या भागातला रद्दीवाला पुस्तकं-वह्यांना किलोमागे दहा रुपये देतो, वर्तमानपत्रांना त्याहून जास्त. म्हणजे एका मुलीने वर्षभर उशाशी घेऊन झोपलेल्या पुस्तकांचे पंचवीस रुपये. दोन वडापावही येत नाहीत तेवढ्यात.

आणि याच पुस्तकांची वाट बघणारी मुलं आमच्या गल्लीच्या पलीकडच्या वस्तीत आहेत. पहिली ते आठवी सरकारी आणि अनुदानित शाळांत पुस्तकं फुकट मिळतात. नववीत गेलं की ती सोय संपते. घरात दोन मुलं असतील, एक नववीत आणि एक अकरावीत, तर जूनमध्ये पुस्तकं, वह्या, गणवेश, रेनकोट सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून मी नववीपासून पुढची पुस्तकं जमवते. पुण्यात धायरीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत दोन लोखंडी रॅक आहेत, त्याला मी पुस्तकपेढी म्हणते. पावती नाही, वर्गणी नाही. पुस्तक न्यायचं, वर्ष झालं की परत आणायचं.

हे सुरू झालं ते माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

२०१८ च्या मे महिन्यात मी आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या लेकीला दहावीची पुस्तकं दिली होती. माझ्या भाच्याची, नुकतीच परीक्षा झालेली, अगदी नव्यासारखी. कव्हरं बदलली, नावाच्या चिठ्ठ्या लावल्या, मोठ्या प्रेमाने दिली. पोरगी हुशार. सुट्टीभर ती त्यातून अभ्यास करत बसली. भूमितीची दोन प्रकरणं संपवून मला वही दाखवायला आली होती, सुवाच्य अक्षर, प्रत्येक आकृती पट्टीने काढलेली. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी मावशी ती पिशवी जशीच्या तशी परत घेऊन आल्या. "ताई, बाई म्हणाल्या ही चालायची नाहीत. यंदापासून बदलली."

बदललीच होती. नववीची २०१७ ला बदलली, दहावीची २०१८ ला. नववीत तिच्या हातात नवंच पुस्तक होतं. मी एकदा जरी ते चाळलं असतं तर पुढच्या वर्षी दहावीचं बदलणार हे मला कळायला हवं होतं. विज्ञानाची तर आता दोन भागांत दोन पुस्तकं झाली होती. मावशी मला काही बोलल्या नाहीत. पण ती मुलगी त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडे आली नाही, आणि ते मला आजही लागतं. पदरचे पैसे घालून मी तिला नवा संच आणून दिला, पण तिची दीड महिन्याची सुट्टी मी परत कुठून आणणार होते?

तेव्हापासून कुणी पुस्तक हातात दिलं की मी मुखपृष्ठ बघत नाही, आधी आतलं पान उघडते. बालभारतीच्या पुस्तकात श्रेयनामावलीच्या त्या दाटीवाटीच्या पानावर सगळं लिहिलेलं असतं. प्रथमावृत्ती २०१८, त्याखाली पुनर्मुद्रणाचं साल. पुनर्मुद्रण कुठलंही असू दे, प्रथमावृत्ती जुळली की पुस्तक चालतं. लोक नेमकं उलटं करतात. पुनर्मुद्रण २०२० चं दिसलं की "जुनं आहे" म्हणून टाकतात. अहो, पुस्तक तेच आहे! मुलांना मी हे पान बोट ठेवून दाखवते.

त्याच पानावर कागदाचीही नोंद असते, ७० जीएसएम क्रीमवोव्ह, म्हणजे चौरस मीटरला सत्तर ग्रॅम भरणारा क्रीमवोव्ह जातीचा कागद. ती वाचायला मला बाबांनी शिकवलं. बाबा पुण्यात एका बाइंडिंगच्या कारखान्यात होते. नवं पुस्तक आलं की ते धड्यांकडे बघायचेच नाहीत. पानाच्या कडेवरून अंगठा फिरवायचे, मधल्या पिना बघायचे आणि म्हणायचे, "कागद दोन वर्षं जाईल, पिना नाही जायच्या." आम्ही तीन भावंडं, आणि एकच संच तिघांना पुरवायचा असे. दादाचं झालं की ताईला, ताईचं झालं की मला. मी शेंडेफळ, त्यामुळे माझ्या वाट्याला पुस्तक येईपर्यंत त्यात दोघांची अक्षरं असायची. कवितेच्या शेजारी ताईने पेन्सिलीने लिहिलेले अर्थ, गणिताच्या उदाहरणापुढे दादाची फुली, म्हणजे "हे अवघड आहे, सोडून पुढे जा". मला शाळेत मराठीच्या बाईंनी जेवढं शिकवलं त्याच्या निम्मं तरी ताईच्या त्या पेन्सिलीने शिकवलं असेल.

पेन्सिलीने. हे आमच्या घरात फार कडक होतं. पुस्तकात पेन चालवलं की बाबांच्या कपाळाला आठी पडायची.

पिना गेल्या की बाबा पुस्तक दोऱ्याने शिवायचे. अजूनही मी तसंच करते, आणि जरा सविस्तर सांगते, कारण कुणालाही जमेल असं आहे. गंजलेल्या पिना आधी बोथट सुरीने मागून सरळ करायच्या आणि मग काढायच्या. ओढल्या तर मधलं पान फाटतंच. गंजाची तांबडी पावडर कोरड्या फडक्याने झटकायची. मग पुस्तक बरोबर मध्ये उघडून घडीत दाभणाने तीन भोकं पाडायची, एक मधोमध आणि दोन बाजूंना. गोधडी शिवायचा जाड दोरा मेणबत्तीवर घासून घ्यायचा. मधल्या भोकातून बाहेर काढायचा, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि मधल्या टाक्यावर आवळून गाठ. पाठीवर जुन्या सुती साडीची दोन बोटं रुंद पट्टी चिकटवायची. बाबा मैद्याची खळ करायचे आणि वाळवी-झुरळं लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालायचे. मी मोरचूद घालत नाही. मुलं बोटाला थुंकी लावून पानं उलटतात, आणि मोरचूद विषारी. मी फेविकॉल थोड्या पाण्यात पातळ करून वापरते. एका पुस्तकाला वीस मिनिटं लागतात.

तिघांचं शिकून झालं की मे अखेरीस बाबा उरलेली पुस्तकं घेऊन अप्पा बळवंत चौकात जायचे. मला सोबत न्यायचे. जूनच्या तोंडावर तिथे पाय ठेवायला जागा नसायची. एका हाताने जुनी विकायची, दुसऱ्या हाताने जुनीच घ्यायची. दुकानदार पुस्तक हातात घेऊन अंगठ्याखालून सर्रकन पानं सोडायचा. शेवटची पानं आहेत का, मधला नकाशा आहे का, शाई किती फिरली आहे, हे त्याला तेवढ्यात कळायचं. त्या वेळी पाव किमतीला घेऊन अर्ध्या किमतीला विकायचे. बाबांनी शिवलेल्या पुस्तकाला मात्र दुकानदार न मागता एखादा रुपया जास्त द्यायचा. बाबा तो रुपया मला द्यायचे आणि आम्ही उसाचा रस पिऊन घरी यायचो.

आता शालेय पुस्तकांच्या जुन्या संचाला तसं गिऱ्हाईक राहिलं नाही, असं मला वाटतं. एक तर बालभारतीची पुस्तकं मुळात स्वस्त, त्यात अर्ध्या किमतीचा फरक मध्यमवर्गाला जाणवत नाही. शिवाय पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहे. पण ज्याच्या घरी एकच मोबाइल आहे आणि तो दिवसभर वडिलांसोबत रिक्षात असतो, त्या मुलाला पीडीएफ काय कामाची?

२०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत धड्यांनंतर कोरी पानं घातली होती, पुस्तकांचे चार भाग केले होते. दप्तराचं ओझं कमी व्हावं हा हेतू चांगलाच होता. पण नोंदी पुस्तकातच लिहायच्या म्हटल्यावर ते पुस्तक एका मुलापुरतंच उरतं. धाकट्या बहिणीने त्यात लिहायचं कुठे? २०२५-२६ साठी ती पानं काढली, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. वह्या वेगळ्या, पुस्तक वेगळं, हीच रीत मला पटते.

अभ्यासक्रम बदलला की सगळंच टाकाऊ होतं असंही नाही. त्रिकोणाचं प्रमेय जुन्या पुस्तकात होतं तेच नव्यात आहे, उलट सरावाला जास्तीची उदाहरणं मिळतात. चौथीचं शिवरायांचं पुस्तक आमच्या घरात काकाने वाचलं, मी वाचलं, माझ्या मुलीने वाचलं, गोष्टी त्याच. भूगोल मात्र लवकर म्हातारा होतो. २०१४ मध्ये पालघर झाल्यापासून महाराष्ट्राचे जिल्हे ३६ आहेत, आणि माझ्याकडे ३५ जिल्ह्यांची पुस्तकं अजून येतात. ती मी वेगळी ठेवते. त्यांची पानं मधूनमधून दुसऱ्या पुस्तकांच्या दुरुस्तीला वापरते, कव्हरांना वापरते, आणि अगदीच काही होणार नसेल तर तीच तेवढी रद्दीत जातात. २०२५ ला पहिलीची पुस्तकं नवी आली, म्हणजे बदलाची रांग पुन्हा सुरू झाली आहे. ती दहावीपर्यंत कधी पोचते याकडे मी डोळे लावून आहे. या वेळी कुणाची सुट्टी वाया जाऊ द्यायची नाही.

तर वहिनींची पिशवी. रात्रीच सगळं बाहेर काढलं. मराठी, हिंदी, इंग्रजी उत्तम. गणिताच्या दोन्ही भागांत पेन्सिल आहे, ती मी खोडत नाही, राहू देते. विज्ञान भाग दोनच्या पिना गेल्यात. भूगोलात मधलं एक पान नाही. दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझील यांची तुलना करत पुढे जातो, आणि नेमका ब्राझीलचा नकाशा असलेलं पान कुणीतरी प्रकल्पासाठी कापून नेलंय. कात्रीची सरळ रेघ दिसते.

विज्ञानाचं पुस्तक शिवून झालं. ब्राझीलचं पान आज दुपारी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून पीडीएफवरून छापून आणलं, रंगीत, दहा रुपयांत. छापील कागद जरा मोठा होता, तो पुस्तकाच्या मापाने कापला आणि कापलेल्या पानाच्या उरलेल्या पट्टीवर आतून चिकटवला. आत्ता ते पुस्तक ओट्यावर आहे, दोन फळ्यांमध्ये, वर वरवंटा. हा संच पलीकडच्या वस्तीतली एक मुलगी नेणार आहे. ती उद्या सकाळी क्लासला जाताना येते म्हणाली. नववीचा संच मागच्या जूनमध्ये तिनेच नेला होता, आणि तोही उद्या परत आणते आहे. "काकू, एका पानावर चहा सांडलाय," एवढं मात्र तिने आधीच सांगून ठेवलंय.